मागच्या बोळातली माणसं

"ताईंची ही शेवटची कलाकृती," असं म्हणून कंपनीच्या माणसानं काचेच्या पेटीवर हात ठेवला, एखाद्या पोरक्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. "आमच्यासाठी हा आता नुसता प्रकल्प राहिलेला नाही. ताईंचं स्मारक आहे हे."

आईला जाऊन अजून महिना व्हायचा होता.

"काच आत्ताच पुसलीय," मी म्हटलं. "बोटं उठतात."

त्यानं हात उचलला, खिशातून रुमाल काढून ठसा पुसला आणि हसला. वसाहतीत त्याला सगळे तोंडगोड म्हणायचे. समोर नाही, पण त्याला ते माहीत असावं, आणि आवडतही असावं.

"रविवारी सकाळी मॉडेल सभागृहात पोचलं पाहिजे, तेवढं बघा," तो मामाला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही दोन शब्द बोललात तर फार बरं होईल. लोक ताईंना मानत होते."

लोक आईला मानत होते हे खरं होतं. त्याला नेमकं तेच वापरायचं होतं.

आई मॉडेलं करायची. बिल्डरच्या ऑफिसात मधोमध, दिव्याखाली, उभ्या राहणाऱ्या इमारतीची छोटी प्रतिकृती ठेवलेली असते. खिडक्यांतून उजेड येतो, झाडं स्पंजची असतात, फूटपाथवर नखाएवढी माणसं चालत असतात. ती मॉडेलं. सगळं आयुष्य तिनं एका जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात अॅक्रिलिक कापण्यात घालवलं. शेजारी लेथवाल्या काकू, समोर छापखानेवाले काका, कोपऱ्यावर लाकडी खोकी ठोकणारे दादा. मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पहिल्यापासून तिच्या हाताखाली. मी दुसऱ्या शहरात कॉलेजात इतिहास शिकवते, सुट्टीपुरती येणारी.

वसाहत बांधली तेव्हा ती शहराबाहेर होती. मग शहर पाय पसरत तिच्यापर्यंत आलं, शेजारून मेट्रो मंजूर झाली, आणि प्राधिकरणानं विकास आराखड्यात या पट्ट्याचा रंग बदलला. कारखान्यांचा जांभळा गेला, दुकानं-ऑफिसांचा निळा आला. रंग बदलला त्या दिवशी कुणाच्या यंत्राचा आवाज बदलला नाही, पण जमीनमालकाचा बदलला. वर्षाच्या आत जागा तोंडगोडाच्या कंपनीकडे गेली. पुढच्या बाजूला ऑफिसांचे टॉवर, त्यांच्या पायाशी काचेची दुकानं. जुन्या गाळेधारकांना मागच्या अंगाला, तळमजल्यावर, एका रांगेत गाळे आणि त्यांच्यापुढे एक बोळ. बोळाच्या एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला पार्किंगच्या उताराची भिंत. म्हणजे माल घेऊन आत शिरलेल्या टेम्पोला बाहेर पडायचं तर बोळातच वळावं लागणार. काकूंच्या लोखंडी सळया, काकांचे कागदाचे गठ्ठे, दादांच्या फळ्या, सगळ्यांचं पोट त्या एका वळणावर.

बहुतेक गाळेधारकांच्या सह्या मिळाल्याशिवाय प्राधिकरण मंजुरी देणार नव्हतं. नकाशे सगळ्यांना वाटले होते. नकाशा कळला असं सगळे म्हणाले होते आणि कळला कुणालाच नव्हता. "ताई मॉडेल करतेय ना? मग मॉडेल बघू आणि सही करू," असं ठरलं होतं. कारण हे मॉडेल करायचं काम कंपनीनं आईलाच दिलं होतं, आणि आपलाच गाळा पाडून उभा राहणारा टॉवर आईनं कापला, जोडला, रंगवला. मी फोनवर चिडले तेव्हा म्हणाली होती, "न्हावी स्वतःची हजामत करत नाही म्हणतात. मी करतेय. निदान कातडी तरी कापली जाणार नाही."

ते तिचं माझ्याशी शेवटचं मोठं बोलणं.

शनिवारी दुपारी मामा टेम्पो ठरवायला गेला होता आणि मी पेटीची काच उतरवून मऊ ब्रशनं मॉडेलवरची धूळ झटकत होते. मॉडेलांतलं एकच काम मला येतं. लहानपणी सुट्टीत आई मला माणसं पेरायला बसवायची. चिमट्यात माणूस धरायचा, पायाला गोंदाचा थेंब लावायचा, फूटपाथवर उभा करायचा. माणसांच्या डब्यांवर आईच्या अक्षरात आकडे असत: शंभर, दोनशे, तीनशे. दोनशेच्या मॉडेलमध्ये इमारत, रस्ता, झाड, सगळं खऱ्याच्या दोनशे पटींनी लहान. म्हणून माणूसही दोनशेच्या डबीतलाच हवा. तीनशेचा त्याहून बारका. दोघं शेजारी उभे केले तर बाप आणि शाळकरी पोर दिसतील, पण लांब लांब ठेवले तर पत्ता लागत नाही.

मागच्या बोळात एक माणूस आडवा पडला होता. मी तो चिमट्यानं उचलायला गेले, तर चिमटा नेहमीपेक्षा जास्त मिटला.

मी पुढच्या चौकातला एक माणूस उपटला आणि दोघांना तळहातावर शेजारी उभं केलं. मग बोळातले सगळे तपासले. ओझं उचललेले हमाल, दारातली बाई, सायकलवाला, माल उतरवणारे टेम्पो. एकूण एक तीनशेचे. बोळाला कुणी हात लावलेला नव्हता. कुणी पट्टी लावली असती तर मापात भरला असता. पण लोक बोळ पट्टीनं बघणार नव्हते, त्यातल्या माणसांवरून बघणार होते. आणि माणसं बारकी केल्यामुळे तो बोळ चांगला ऐसपैस रस्ता दिसत होता. टेम्पोच्या चाकांखालचा गोंद बोटाला अजून चिकटत होता. आईचा गोंद केव्हाच वाळून कडक झाला असता.

मामा घाम पुसत आत आला.

"मामा, बोळातली माणसं कुणी बदलली?"

"कुठली माणसं?"

"तीनशेची."

त्यानं पाण्याची बाटली उघडली, प्यायला, झाकण लावलं. "दोनशेची संपली होती."

"डबी भरलेली आहे. ही काय, माझ्या समोर."

"मग झाली असेल चूक. म्हातारा झालो. डोळे अधू झाले."

"टेम्पोसुद्धा डोळ्यांमुळेच का?"

तो आईच्या खुर्चीवर बसणार होता, पण बसला नाही. "हे बघा प्राध्यापकीणबाई. तुम्ही चार दिवस आलात, चार दिवसांनी जाल. पोरांना लढायांच्या तारखा शिकवाल. मी कुठे जाऊ? पुढच्या बाजूचं कोपऱ्यावरचं दुकान देतायत मला. शब्द दिलाय."

"लेखी?"

"शब्द दिलाय म्हटलं ना."

"आणि आईचा गाळा?"

"ताईचा गाळा ताईच्या नावावर. म्हणजे आता तुझ्या. या अख्ख्या वसाहतीत माझ्या नावावर काय आहे सांग. एक कुलूपसुद्धा नाही."

"तू मागितला असतास तर मी दिला असता."

"मागायचा होता?" मामा म्हणाला. हात वर करून त्यानं मला बोटं दाखवली. ब्लेडच्या पांढऱ्या खुणा, एका बोटाला नख नव्हतं. "एवढं करून वर मागायचा होता?"

ते खरं होतं, आणि त्यामुळे माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"आईला विचारलं होतं त्या तोंडगोडानं?"

"विचारलं की. बोळ जरा मोकळा दिसू दे म्हणाला. ताई म्हणाली, हा बोळ माझा आहे, इथे माणसं मापाचीच उभी राहतील." मामा हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ऐकलंस? हा बोळ. बाकीचे बोळ कुणाचे होते गं? जुन्या बाजाराच्या जागी मॉल झाला, त्याच्या मागच्या गल्लीत ताईनं कुठल्या डबीतली माणसं लावली होती? बस स्टँडवरच्या टॉवरच्या चौकात? मला हे कुणी शिकवलं, काय वाटतं तुला? 'जागेला हात लावायचा नाही, माणसं बारीक करायची.' तिचंच वाक्य आहे. जागेचं माप खोटं निघालं तर आपण अडकतो. माणसांचं माप कोण घेतंय?"

"खोटं बोलतोयस तू."

"भिंतीवर फोटो आहेत जुन्या मॉडेलांचे. बघ जा."

मी गेले. मॉलच्या फोटोत मागची गल्ली होती, गल्लीत दुकानांची दारं होती, दारांत माणसं उभी होती आणि त्यांची डोकी जेमतेम दाराच्या कडीला लागत होती. लहानपणापासून मी तो फोटो बघत आले होते.

मामा मागे येऊन उभा राहिला. आता त्याचा आवाज मऊ होता. "उद्या तू तोंड उघडलंस तर मलाही उघडावं लागेल. मग सगळंच निघेल. ताईला या लोकांत मान आहे. मेलेल्या माणसाचं तेवढं तरी राहू दे."

म्हणजे मी गप्प राहिले तर आईचं नाव राहणार होतं आणि तिच्या शेजाऱ्यांचा धंदा बोळात अडकणार होता. बोलले तर उलट. जिवंत माणसाशी मी भांडले असते. मी चांगली भांडते, आईकडूनच आलंय ते. तिला विचारलं असतं की त्या गल्लीत दुकानं घेणारे तुला दिसले नाहीत का. आणि तिनंही काहीतरी चोख उत्तर देऊन मला गप्प केलं असतं. ते उत्तरही ती घेऊन गेली होती. माझ्यापुढे उरलेला होता मामा, आणि सगळा राग त्याच्यावर काढण्याइतका तो मोठा नव्हता.

रविवारी सकाळी सभागृहात गारठा होता. कंपनीनं एसी सोडला होता आणि खुर्च्यांना पांढरी कापडं घातली होती. आईचा फोटो एका बाजूला, मॉडेल मधोमध. तोंडगोडानं सगळ्यांना उभं केलं, श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं शांत राहू या म्हणाला. शांतता जेमतेम जमली होती, तोच मागे कुणीतरी भलतीच कळ दाबली आणि पडद्यावर संगीतासकट टॉवर उगवायला लागला. बंद करेपर्यंत त्याची गच्ची झाली होती.

"ताई गेली तरी काम काही थांबत नाही बाई," लेथवाल्या काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या. दादांनी खोकल्याआड हसू दाबलं.

मग तोंडगोड बोलला. महानगराची वाढ, मेट्रो, गुंतवणूक, आणि या सगळ्यात लहान माणसाला विसरायचं नाही असं ताई नेहमी म्हणायच्या, वगैरे. आई असं काही कधी म्हणाली नव्हती. ती लहान माणूस म्हणायची तेव्हा डबीतल्यांबद्दल बोलत असायची.

लोक मॉडेलभोवती जमले. टॉवरकडे कुणी बघत नव्हतं. सगळे वाकून मागचा बोळ बघत होते.

"ऐसपैस आहे की," दादा म्हणाले. "मी उगाच धास्तावलो होतो. नकाशात घशासारखा दिसत होता."

"नकाशात सगळंच घशासारखं दिसतं हो," छापखानेवाले काका म्हणाले. त्यांनी चष्मा वर सरकवला. "ताईनं केलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. चला, सही कुठे करायची?"

मामा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"काका, थांबा जरा," मी म्हटलं.

माझ्या पर्समध्ये दोनशेच्या डबीतला एक टेम्पो होता. निघताना टाकला होता. तो बाहेर काढेन की नाही हे मलाही माहीत नव्हतं. मी पेटीची काच उचलायला लागले तसा तोंडगोड पुढे आला. "अहो, राहू दे, नाजूक असतं ते."

"मला माहीत आहे किती नाजूक असतं ते."

टेम्पो मी बोळात, तिथल्या टेम्पोशेजारी ठेवला. काही सांगावं लागलं नाही. एक घोडा आणि एक शिंगरू उभं असावं तसं दिसत होतं.

"यातला मापाचा कुठला?" काकूंनी विचारलं.

"मी ठेवलेला. आधीचे सगळे मापापेक्षा लहान आहेत. माणसंही. बोळ खरा आहे, त्यातलं बाकी सगळं खोटं आहे. दादा, वळवून बघा."

दादांनी बोटाच्या टोकानं टेम्पो वळवायला घेतला. नाक भिंतीला टेकलं तेव्हा शेपूट शटरला घासत होतं. त्यांनी मागे घेतला, पुढे घेतला. मग हात काढून घेतला. टेम्पो बोळात आडवा अडकून राहिला.

"प्रत्यक्षात चालक दोन-तीनदा पुढे-मागे करून काढतो," कंपनीचा आर्किटेक्ट म्हणाला.

"पुढे-मागे केल्यानं तो आखडतो का?" काकू म्हणाल्या.

तोंडगोडाचा चेहरा अजूनही गोड होता. "हे बघा, मॉडेल ताईंनी केलंय. आम्ही त्यात ढवळाढवळ केलेली नाही. त्यांच्या कामावर त्यांच्याच मुलीनं शंका घ्यावी, हे मला, खरं सांगू का, बघवत नाही."

"आईनं मापाची माणसं लावली होती. तुम्ही सांगूनही तिनं ती बदलली नाहीत. ती गेल्यावर बदलली गेली."

सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. वसाहतीत दुसरं कुणी बदलू शकणारं नव्हतं. मामा उठला, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, त्याचे ओठ हलले. तो काय बोलणार ते मला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

"ही युक्ती आईची आहे," मी म्हटलं. "मामाला तिनंच शिकवली. दुसऱ्यांच्या मॉडेलांत तिनं हे केलं होतं. मॉलच्या मागच्या गल्लीत केलं, बस स्टँडच्या चौकात केलं. आणखी कुठे ते मला माहीत नाही. इथे करायला ती नाही म्हणाली, कारण या बोळात तीही असणार होती."

एसीचा आवाज येत होता. मामा परत खाली बसला.

छापखानेवाल्या काकांनी चष्मा काढला होता आणि तो नुसताच हातात धरला होता. "मॉलच्या मागच्या गल्लीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्या धाकट्यानं दुकान घेतलं होतं तिथे. छापखान्यावर कर्ज काढून. गल्लीत हातगाडी शिरली तर गिऱ्हाईक भिंतीला पाठ लावून उभं राहायचं." ते थांबले. "घेण्याआधी मी ताईला विचारलं होतं. म्हटलं, तुझं मॉडेल आहे, तुला ठाऊक, घ्यावं का? ती म्हणाली, काका, मॉडेल बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा."

मी उचललेली काच पेटीवर परत ठेवली.

"मी बघितलं," काका म्हणाले, "आणि ठरवलं."

ते बाहेर गेले. दार त्यांनी आपटलं नाही. सावकाश लावलं.

त्या दिवशी एकही सही झाली नाही. वसाहतीच्या अंगणात चुन्याच्या फक्कीनं बोळ आखायचा, खरा टेम्पो खऱ्या जागेत वळवून दाखवायचा, मग बोलू, असं काकूंनी सांगितलं. दादा आणि बाकीचे हो म्हणाले. तोंडगोडानं ते वहीत लिहून घेतलं, वही मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याशी साखर न घालता बोलला.

"मॉडेल उचला. आम्हाला नको. आणि एक सांगतो, तुमच्या आईचं नाव आम्ही मोठं करणार होतो. ते तुम्ही मातीत घातलंत."

"तुम्ही ते विकायला काढलं होतं," मी म्हटलं. "मला परत घ्यावं लागलं. होतं तसं."

लोक चहा न घेता निघून गेले. जाताना काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आईच्या फोटोकडे बघितलं नाही. दोन्हींचा मला सारखाच राग आला: हाताचा, आणि न बघण्याचाही.

मॉडेल उचलायला दोन माणसं लागतात. हमाल निघून गेले होते. मी एक बाजू धरली, मामानं दुसरी. दारातून बाहेर पडताना एकाला उलटं चालावं लागतं. तो उलटा चालत होता. आमच्यामध्ये टॉवर होता, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"गाळा तुझ्या नावावर करून देते," मी म्हटलं. "मागच्या बोळातला जो काय मिळेल तोही तुझाच. टेम्पो वळतो की नाही ते तुझं तू बघ."

पायऱ्या लागल्या. तो एकेक पायरी पायानं चाचपत उतरला, मी वरून भार सांभाळत राहिले. टेम्पो अजून फाटकापाशीच होता. पेटीची कड माझ्या बोटांत रुतत होती. त्याच्याही रुतत असणार.

"जरा खाली ठेवू या का?" मामा म्हणाला. "हात भरून आलेत."

"नाही," मी म्हटलं.